आईने निवडलेले काळे नळ

नळाचाही रंग निवडावा लागतो, हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळलं. तोवर माझ्या लेखी नळ दोनच प्रकारचे होते, गळणारे आणि न गळणारे. नवघर रोडवरच्या त्या दुकानात शिरलो तर भिंतभर नळ लावलेले, आणि त्यांना फिनिश नावाचं काहीतरी होतं. चकचकीत चंदेरी, मंद चंदेरी, सोनेरी, गुलाबी सोनेरी, जुन्या पितळेसारखं, करडं, काळं. दुकानदार एकेकाचं इंग्रजी नाव सांगत होता आणि मी शहाण्यासारखी मान हलवत होतो. गुलाबी सोनेरी नळाची किंमत ऐकली आणि त्यावर ठेवलेला हात मी झटकन मागे घेतला. न जाणो, ओरखडा उठला तर घ्यावा लागायचा.

आमच्या घरी हे बाथरूमचं काम हौसेनं निघालेलं नव्हतं. बिल्डिंग जुनी. आमच्या आंघोळीचं पाणी खालच्यांच्या छतातून ठिबकायला लागलं, त्यांनी आधी तोंडी सांगितलं, मग सोसायटीत पत्र दिलं. आणि त्याच महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण कोपर टम्म सुजलं. त्या दिवसापासून माझी बायको आईच्या आंघोळीच्या वेळी दारात उभी राहायला लागली. दार लोटलेलं, कडी काढलेली. हेतू चांगलाच होता. आईने दोन दिवस आंघोळच केली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्यावर चिडलो, तेव्हा तिने मला समोर बसवून घेतलं.

“दुसऱ्यानं आंघोळ घालायची ती तान्ह्या पोराला, नायतर मढ्याला,” ती म्हणाली. “मी दोन्ही नाय.”

शहात्तर वर्षांची बाई ती. मी तिला शब्द दिला की बाथरूम अशी करून देतो की तुझी तू आत जाशील, आतून कडी लावशील आणि तुझी तू बाहेर येशील. खडबडीत फरशी, बसायला घट्ट स्टूल, धरायला भिंतीत दोन दांड्या. आईला एकटीने आंघोळ करता आली पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप होता. बाकी खालच्यांचं छत वगैरे ओघाने आलंच.

आता फिनिश निवडायचं तर आईलाच न्यायला हवं, असं माझ्या मनात आलं. याला कारण होतं. आई मूळची महाडकडची, लग्न होऊन भाईंदरला आली. मी बारावीत असताना वडील गेले आणि ती स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका गाळ्यात कामाला लागली. तिथे तिने अठ्ठावीस वर्षं काढली, शेवटची वीस तर भांडी तपासण्यावर. मशीनवर पॉलिश झालेलं भांडं पॉलिशच्या मळाने काळपट होऊन यायचं. ते कापडाने पुसायचं, ट्यूबलाइटखाली फिरवायचं, त्यात आपला चेहरा सरळ दिसतो की वाकडा ते बघायचं आणि शेवटी काठावरून अंगठा फिरवायचा. चेहरा थरथरला की भांडं परत. पॉलिशवाले तिच्या नावाने बोटं मोडायचे. लग्नात जेवायला बसलो तरी ही बाई आधी ताट उचलून उजेडाकडे धरायची आणि त्यात तोंड बघायची. यजमानांच्या देखत. मी लाजेने मेल्याहून मेल्यासारखा व्हायचो, पण आतून अभिमानही वाटायचा. धातूची चकाकी हा आमच्या आईचा विषय होता. त्यात तिला कोणी शिकवावं असं मी पाहिलेलं नव्हतं.

तर पुढच्या रविवारी मी तिला रिक्षात घालून दुकानात घेऊन गेलो. जाताना मनात मांडेच खात होतो. दुकानदाराला गेल्या गेल्या हिंदीत ऐकवलं की आता जरा जपून बोला, माझी आई तुमच्या भिंतीवरच्या नळांची परीक्षा घेणार आहे. तोही रसिक निघाला. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं.

आई खुर्चीवर बसली नाही. ती भिंतीच्या डाव्या टोकाला गेली आणि पहिल्या नळावरून तिने अंगठा फिरवला. मग दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. नळाच्या मानेपासून टोकापर्यंत, सावकाश, डोळे अर्धवट मिटून. एकही नळ सोडला नाही. मी दुकानदाराला कोपराने ढोसलं. अठ्ठावीस वर्षांचा हात आहे म्हटलं, नुसत्या अंगठ्याला कळतं. तो म्हणाला, आंटी को नॉलेज है. माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

काळ्या नळापाशी आई थांबली. तो काढून द्यायला सांगितला. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मग म्हणाली, याच्यामागं पांढरी लादी धरा. दुकानदाराने धरली. त्याच लादीपुढे तिने चकचकीत नळही धरायला लावला, मग परत काळा. बराच वेळ तिने तो हातात ठेवला.

“हा,” ती म्हणाली. “दांड्यापण ह्याच्यातल्याच घे.”

मला वाटलं ती गंमत करते. तो काळा म्हणजे नुसता काळा नव्हता, मॅट होता. तव्याच्या बुडासारखा. त्याच्यात चेहरा सोडा, ट्यूबलाइटसुद्धा दिसत नव्हती. मी म्हटलं, आई, हा काळा आहे. ती म्हणाली, मला ठाऊक हाय. मी म्हटलं, याला चकाकी नाही. ती म्हणाली, नसू दे. का म्हणून विचारलं तर म्हणाली, मला आवडला.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची भांडी चकाकी नाही म्हणून परत पाठवलीस आणि आपल्या घरात हे कोळशाचे तुकडे लावायचे? मी आवाज चढवून बोललो, हे कबूल करतो. एक जोडपं कमोड बघत होतं, ते आमच्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, यात चेहरा तरी दिसतो का तुझा? आई नळ न सोडता म्हणाली की आता कुणाला बघायचाय चेहरा. दुकानदार मला सांगू लागला की काळ्याची सध्या फॅशन आहे, तेव्हा मी त्याच्यावरही घसरलो. काही न घेता आम्ही निघालो.

घरी बायकोने माझीच बाजू घेतली. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, कधी टँकरचं. काळ्यावर त्याचे पांढरे डाग पडतात, रोज घासत कोण बसणार, आणि घरात काळं लावतं का कोणी. मला एवढं पुरे होतं. आई वीस दिवसांसाठी माझ्या बहिणीकडे बदलापूरला गेली, कारण तोडफोड सुरू असताना घरात बाथरूमच नव्हती, आम्हीच शेजाऱ्यांकडे बादल्या घेऊन पळत होतो. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन सगळं चकचकीत क्रोममध्ये घेऊन टाकलं. नळ, शॉवर, टॉवेलची दांडी, धरायच्या दोन्ही दांड्या. मनाशी म्हटलं की हे मी आईसाठीच करतोय, तिच्या हाताला शोभेल असं. खरं सांगायचं तर आईची पारख चुकली हे मला सहन होत नव्हतं. म्हातारपणाने तिचं डोकं जरा सरकलंय, असंही मी बायकोजवळ बोललो होतो. ते वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

बहिणीच्या फोनवरून आईने दोनदा विचारलं, काळेच घेतलेस ना. मी म्हटलं, तू ये तर खरी.

ती आली ती सकाळची वेळ होती. मी तिला हातपाय धुवायच्या निमित्ताने थेट बाथरूमच्या दारात नेलं आणि दिवा लावला. काय सांगू, डोळे दिपले. पांढऱ्याशुभ्र लाद्या, पांढरा दिवा आणि त्यात झळझळणारा प्रत्येक नळ. बायको मागे उभी होती. मी आईच्या तोंडाकडे बघत होतो. ती मान हळूहळू इकडून तिकडे फिरवत होती. मग म्हणाली, छान झालंय.

“दांडी कुठाय?” तिने विचारलं.

मला वाटलं टोमणा मारते. काळ्या घेतल्या नाहीत म्हणून असलेल्यांना नाकारते. मी फणकाऱ्याने म्हटलं, ती काय समोर. आईने उंबरठा ओलांडला, उजवा हात पुढे केला आणि मूठ आवळली. दांडी तिच्या मुठीपासून वीतभर उजवीकडे होती. तिने हवा धरली. अंगाचा भार त्या मुठीवर टाकलेला होता, ती तशीच पुढे गेली. मी कसा झेप घेऊन तिला काखेत धरलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तिचं कपाळ नळाच्या टोकापासून चार बोटांवर होतं आणि ती तेव्हाही हवेत हात फिरवून दांडी शोधत होती.

मी तिचा हात धरून दांडीवर ठेवला. तिने ती घट्ट धरली. समोर लखलखीत, माझ्या मनगटाएवढी जाड दांडी, दहा फुटांवरून आंधळ्याला दिसेल अशी. हा शब्द मनात आला आणि मी थिजलो.

“मी काळे म्हणले होते,” आई म्हणाली.

तिला बाहेर आणून पलंगावर बसवलं. मी विचारलं, आई, तुला दिसत नाही का? तिने सरळ उत्तर दिलं, जणू मी कधी विचारतोय याचीच वाट बघत होती. काळंकरडं दिसतं. चमकणारं आणि पांढरं एकमेकांत मिसळून जातं, तिथे नुसतं धुकं. कधीपासून म्हटलं, तर ती म्हणाली, गाळा सोडला तेव्हापासून.

गाळा सोडून तिला सात वर्षं झाली होती. गुडघ्यांमुळे सोडला, असं तिने आम्हाला सांगितलेलं. मी गुडघ्यांना लावायची तेलं आणून द्यायचो आणि ती निमूटपणे लावायची. सात वर्षं. मी खाली फरशीवर बसलो.

मग तिने गाळ्यातली गोष्ट सांगितली. शेवटच्या महिन्यात भांड्यांमध्ये तिला स्वतःचा चेहरा दिसेनासा झाला. ताट फिरवलं तरी नाही, डबा फिरवला तरी नाही. तिला वाटलं पॉलिश खराब येतंय. तिने आलेला सगळा माल परत पाठवला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. पॉलिशवाल्यांनी कटकट केली तरी बधली नाही. मग शेठ स्वतः आले. त्यांनी परत पाठवलेल्या ढिगातलं एक ताट उचललं आणि त्यात बघितलं.

“म्हणाले, बहन, इसमें तो सब दिख रहा है,” आई म्हणाली. “रागावले नाय. नुसतं ताट माझ्या हातात दिलं. मग मी म्हणाले, गुडघे दुखतात, उद्यापास्नं येत नाय.”

सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. खरं तर मी ओरडलो. माझा राग असाच असतो, ज्याच्यावर यायला हवा तो सोडून दुसऱ्यावरच येतो. आई म्हणाली की गाळ्यात ज्याची नजर गेली त्याला पिशव्या भरायला बसवायचे. घरात कळलं असतं तर मलापण एका जागी बसवलं असतं, गॅसजवळ जाऊ नको, जिन्यात जाऊ नको, एकटी आत जाऊ नको. आम्ही नेमकं तेच केलं असतं. बायको दारात तशी उभी राहातच होती.

आणि मी दुकानात त्या अंगठ्याचं कौतुक केलं होतं. तो अंगठा पारख करत नव्हता, तो रस्ता शोधत होता. दुकानदाराला ढोसून ढोसून मी ते दाखवत होतो. दुसऱ्या कुणाच्या आईने नळांवरून असा हात फिरवला असता तर तिच्या मुलाला तिथल्या तिथे शंका आली असती. मला आली नाही, कारण भांड्यांवरून अंगठा फिरवणारी आईच मी आयुष्यभर बघितली होती.

दुसऱ्याच दिवशी मीरा रोडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी मोतीबिंदू धरून चाललो होतो. ऑपरेशन करू, लेन्स बसवू, महिन्याभरात आई पुन्हा लग्नाची ताटं उचलून बघेल, असं सगळं मनात मांडून ठेवलं होतं. बाईंनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाल्या, काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यात थोडी नजर शिल्लक. ऑपरेशन केलं तरी गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवता येईल. थेंब रोज घालायचे, एक दिवस चुकवायचे नाहीत. मी त्यांच्याशी वाद घातला. आत्ताच तर कळलंय आम्हाला, म्हटलं, एवढ्यात नजर कशी जाईल? त्या शांतपणे म्हणाल्या की तुम्हाला आत्ता कळलंय. आई शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला यातलं काहीच नवं नव्हतं. घामाघूम मी झालो होतो.

बाहेर आल्यावर तिने एकच गोष्ट विचारली, आता माझ्या आंघोळीचं काय. मी म्हटलं, तुझी तू करणार.

दुकानदाराने बसवलेला माल परत घेतला नाही, आणि त्याचं चुकीचंही नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की आंटींनी त्या दिवशी पांढरी लादी मागून धरायला लावली तेव्हा आपल्यालाही समजायला हवं होतं, असं गिऱ्हाईक एरवी करत नाही. त्याने गोदामातून काळ्या दांड्या स्वतः काढून दिल्या. या वेळी मी फिनिश असं बघितलं की दुकानदार आश्चर्याने बघत राहिला. डोळे बारीक करून, चष्मा काढून, लादीपासून पाच पावलं मागे जाऊन. जे जास्त मंद, जास्त काळं, ते घेतलं. प्लंबरने दोन दिवसांत चकचकीत सगळं उतरवलं आणि काळं लावलं. बादलीसुद्धा मी काळी आणली, साबण निळा आणला. बायकोने डागांबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट स्टुलाच्या काठाला तिने काळी पट्टी चिकटवली.

सोमवारी सकाळी आई बाथरूमच्या दारात उभी राहिली. आत नुसती बघत होती. मग तिने हात पुढे केला आणि पहिल्या झटक्यात दांडी धरली. सोडली, पुन्हा धरली. नळाचा दांडा धरला, शॉवरची तोटी धरली. मी मागून सूचना द्यायला लागलो तर तिने मला हाताने बाजूला केलं, आत गेली आणि कडी लावली. वीस दिवस बहिणीकडचे धरून जवळजवळ दोन महिन्यांनी आमच्या घरात ती कडी लागण्याचा आवाज झाला. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. बायको स्वयंपाकघरात गेली, मला म्हणाली, तिथे उभे राहू नका. मी ऑफिसला जायच्या कपड्यांत पॅसेजमध्ये पांढऱ्या भिंतीला टेकून उभाच राहिलो. किती तरी दिवसांनी मला बरं वाटत होतं.

पंधरा-वीस मिनिटांनी कडी निघाली. आई बाहेर आली. केस ओले, पातळ नीट नेसलेलं, चेहरा असा की जणू परीक्षा पास झालेली. तिने डोकं वर केलं आणि माझ्या दिशेने सरळ बघितलं. आमच्यात हातभर अंतर होतं. मी हसलो.

ती तशीच स्वयंपाकघराकडे वळून माझ्या बायकोला म्हणाली, “गेला का गं तो ऑफिसला? त्याला सांगायचं होतं, दांड्या बरोबर लावल्यात म्हणून.”

बायको हातातलं टाकून बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग मी म्हटलं, आई, मी इथेच आहे, तुझ्यासमोर. ती दचकली. तिने हात पुढे करून माझ्या छातीवर ठेवला आणि शर्टाचं कापड चिमटीत धरून, डोळे जवळ नेऊन पाहिलं.

“पांढरा घातलायस होय,” ती म्हणाली. “घरात हा घालू नको. भिंतीपाशी उभा राहिलास की तू मला दिसत नाय.”

मी आत जाऊन कपाट उघडलं. ऑफिसचे सहा शर्ट होते, सगळे पांढरे.